प्रश्न वाचकांचे: सोलापूरच्या कोरडवाहू रानात पुनरुज्जीवी शेती

मागच्या अंकात पुनरुज्जीवी म्हणजे रिजनरेटिव्ह शेतीची पाच सूत्रं दिली होती: जमीन कमीत कमी हलवा, ती झाकलेली ठेवा, वर्षभर जिवंत मुळं असू द्या, पिकांत वैविध्य आणा आणि जनावरांना शेताशी जोडा. त्यावर सोलापूर जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. बहुतेकांचा सूर एकच होता: सूत्रं पटतात, पण आमच्या रानात बसवायची कशी? आमचं उत्तरही थोडक्यात एकच आहे. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात येतो, तिथे प्रत्येक सूत्र आधी ओलीच्या चाळणीतून काढायचं. ओल वाढत असेल तर करा. ओल खर्ची पडत असेल तर थांबा, मग त्याने मातीतला कर्ब (कार्बन) कितीही वाढो.

प्रश्न: माझी आठ एकर खोल काळी जमीन आहे, रब्बी ज्वारी घेतो. व्हिडिओत सांगतात की नांगरट आणि कोळपणी दोन्ही बंद करा, मातीला हात लावू नका. यंदा बंद करू का? (एक शेतकरी, ता. मंगळवेढा)

नांगरट कमी करा. कोळपणी बंद करू नका.

दोन्ही कामं मशागतीतच मोडतात, पण त्यांचा हेतू वेगळा आहे. काळी माती वाळली की आकसते आणि भेगाळते. नोव्हेंबरात तुमच्या ज्वारीत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांच्या कडांमधून दीड-दोन फुटांखालची ओल वाऱ्यावर जाते. ज्वारीला फुलोऱ्यात आणि दाणे भरताना लागणारं पाणी नेमकं तेच असतं. कोळप्याने वरचा दोन-तीन बोटांचा थर भुसभुशीत होतो, भेगा बुजतात आणि खालच्या ओलीवर मातीचंच आच्छादन बसतं. ज्वारी तीन आठवड्यांची झाली की फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने अशा तीन पाळ्या द्यायच्या. शेवटची पाळी बरेच जण टाळतात आणि भेगा सर्वांत मोठ्या त्याच वेळी असतात. रानावर एकरी दोन टन काडीकचरा पसरून आच्छादन करता आलं तर कोळपणी एखादीने कमी होईल. पण एवढा काडीकचरा कोरडवाहू रानात मिळत नाही, हेही खरं.

नांगरटीचं मात्र व्हिडिओवाले बरोबर सांगतात. काळी माती भेगाळते, मिटते आणि या उलाढालीत स्वतःच बरीचशी नांगरली जाते. हरळी आणि कुंदा ही चिवट तणं माजली नसतील तर पलटी नांगर तीन वर्षांतून एकदा पुरे, तोही उताराला आडवा. इतर वर्षी कुळवाच्या दोन पाळ्या भागवतात. रोटाव्हेटर मात्र या रानात फिरवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो मातीचं पीठ करतो, पहिल्या मोठ्या सरीने वर पापुद्रा धरतो आणि पुढचं पाणी बांधावरून ओढ्याला जातं.

त्याऐवजी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात सारा यंत्राने उताराला आडवे सारे पाडा, बळीराम नांगराने त्यांना आडवे दंड घाला आणि तीन ते चार मीटर चौरसाचे बंदिस्त वाफे तयार करा. सप्टेंबरचा पाऊस जिथे पडेल तिथेच मुरेल. वाफे पाडायला उशीर झाला तर ओल्या रानात अवजार चालत नाही आणि हंगाम तसाच जातो. नेहमीची चूक हीच. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, एकरी चार किलो बियाणं, दोन ओळींत दीड फूट. खोली दोन फुटांच्या वर असेल तर फुले वसुधा किंवा फुले यशोदा, मध्यम रानात फुले सुचित्रा किंवा आपली मालदांडी 35-1, हलक्यात फुले अनुराधा. मालदांडी 35-1 मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक वाणातून निवडलेली आहे आणि या मातीचा तिचा अनुभव कुठल्याही व्हिडिओपेक्षा जुना आहे.

उरला ‘वर्षभर जिवंत मुळं’ हा मुद्दा. खरिपात रान मोकळं ठेवण्यापेक्षा मूग, उडीद किंवा हुलगा घ्यावा असं कुणालाही वाटेल. खोल जमिनीत, जूनमध्ये चांगला वाफसा आला असेल तरच घ्या. साठ-पासष्ट दिवसांत निघणारा वाण निवडा आणि ऑगस्टअखेर रान मोकळं करा. जूनअखेरपर्यंत पेरणीजोगा पाऊस नसेल तर मुगाचा नाद सोडा. तो मूग ज्वारीच्या वाट्याची ओल खाईल. आठही एकरांत एकदम करू नका. दोन एकरांत करून शेजारच्या मोकळ्या रानाशी ज्वारीची तुलना करा. मध्यम खोलीच्या रानात खरिपात बाजरी आणि तूर 2:1 ओळींत घेणं जास्त भरवशाचं. तुरीची मुळं खोल जातात आणि तिचा गळलेला पाला रानातच राहतो.

प्रश्न: पिकाचे अवशेष जमिनीला परत द्या म्हणता. पण कडबा जमिनीत गाडला तर जनावरांनी खायचं काय? कडब्याला भावही चांगला असतो. (ता. बार्शी)

कडबा गाडू नका. सोलापुरात ज्वारी जेवढी भाकरीसाठी, तेवढीच कडब्यासाठी पेरतात. जनावरानं खाल्लेल्या चाऱ्यातलं सत्तर-ऐंशी टक्के नत्र (नायट्रोजन) शेण आणि मूत्रातून बाहेर येतं. पालाश (पोटॅश) तर त्याहूनही जास्त. तेव्हा परतावा होतोच, फक्त तो वाटेत गळतो. गळती उकिरड्यात आहे.

गोठ्यात जाऊन पाहा. मूत्र नालीतून वाहतं आणि शेण उघड्या ढिगावर उन्हात वाळतं. नत्राचा मोठा भाग मूत्रात असतो आणि तोच आपण सोडून देतो. गव्हाणीतलं चघळ, तुरीचा भुसा, वाळलेला पाला जनावराखाली अंथरा. त्याखाली चार बोटं कोरडी काळी माती टाकली तर मूत्र शोषलं जातं. आठवड्याने हा थर खड्ड्यात टाका आणि नवा अंथरा. खड्डा तीन फुटांपेक्षा खोल नको, वर पालापाचोळ्याचं किंवा ताडपत्रीचं छप्पर हवं, आणि मूठभर घेऊन दाबलं तर बोटांना ओल लागावी पण पाणी गळू नये. असं खत चार-पाच महिन्यांत तयार होतं. कडबा विकायचाच असेल तर विका, पण त्या पैशातला काही भाग शेणखत आणण्यासाठी बाजूला काढा. प्रत्येक गाडीबरोबर पालाश गावाबाहेर जातो, याचा हिशेब ठेवा. धसकटं मात्र वेचून जाळू नका. ती रानातच राहू द्यात.

प्रश्न: उसाचं पाचट ठेवलं तर खोडवा पिवळा पडतो, पाणी पुढे सरकत नाही आणि उंदीर होतात. म्हणून पेटवतो. दुसरा मार्ग सांगा. (ता. माळशिरस)

तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि तिन्हींना उपाय आहेत.

एकरी साडेतीन-चार टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, निघतं. पेटवलं की त्यातलं नत्र जवळजवळ सगळं धुरात जातं. राखेत पालाश उरतो, तोही वाऱ्याने एका बाजूला जमतो. पाचटात कर्ब खूप आणि नत्र अगदी थोडं असतं. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं आणि पाचटात मिळालं नाही की ते मातीतून उचलतात. खोडव्याचा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकाचा, पिवळेपणा बहुधा यातूनच येतो. म्हणून पाचटाचं नत्र पाचटालाच द्यायचं: एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन. विद्यापीठाची हेक्टरी शिफारस 80, 100 आणि 10 किलोची आहे, तोच हा हिशेब. युरिया आणि सुपर पाचटावर विस्कटा, संवर्धन शेणखतात मिसळून वरून टाका आणि लगेच पाणी द्या. कोरड्या पाचटावर युरिया पडून राहिला तर त्याचा अमोनिया होऊन उडून जातो.

त्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं. तोडणी झाल्यावर बुडख्यांवर पडलेलं पाचट सरीत ओढा, बुडखे उघडे करा आणि धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. छाटलेल्या भागावर कार्बेन्डाझिमची फवारणी करा, लिटरला एक ग्रॅम. बुडखे पाचटाखाली दडपले तर कोंब कमी आणि बारीक येतात. मग लोक पाचटाला दोष देतात.

पाणी पुढे सरकत नाही ही अडचण तीन फुटी सरीत येते. तिथे सगळं पाचट एकाआड एक सरीत भरा आणि पाणी मोकळ्या सरीतून द्या. साडेचार-पाच फुटी सरी असेल तर कुट्टी यंत्र फिरवून प्रत्येक सरीत ठेवता येतं. ठिबक असेल तर प्रश्नच मिटला. पाचटाखाली ओल टिकते, म्हणून पाण्याच्या दोन पाळ्यांतलं अंतर वाढवा. उजनीच्या कालव्याखालच्या चिकण रानात लोक हे विसरतात, पूर्वीच्याच तारखांना पाणी देतात आणि मुळं गुदमरतात.

रासायनिक खत पाचटावर फेकून द्यायचं नाही. बुडख्यापासून अर्धा फूट अंतरावर पहारीने चार-सहा इंच खोल छिद्र घ्या, त्यात खत टाका, पुढचं छिद्र एक फुटावर. पहिली मात्रा तोडणीनंतर पंधरा दिवसांत एका बाजूने, दुसरी साधारण 130 दिवसांनी दुसऱ्या बाजूने.

आता पिवळेपणाबद्दल आणखी एक. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर ती नत्राची कमतरता. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, मधल्या शिरा हिरव्या आणि पुढे पान पांढुरकं होत असेल तर तो केवडा आहे. चुनखडीच्या रानात लोह पिकाला मिळत नाही, त्याचा तो परिणाम. युरिया वाढवून तो जाणार नाही. एकरी 10 किलो फेरस सल्फेट दहापट शेणखतात आठवडाभर मुरवून पहारीच्या छिद्रातच द्या.

उंदीर होतात ते बांधावरच्या बिळांतून येतात. पाचट पसरण्याआधी बिळं बुजवा आणि पुन्हा उकरली जाणारी तेवढी हाताळा. बांधालगत सहा-सात फुटांचा पट्टा पाचटाशिवाय ठेवा. शेजाऱ्याने त्याचं पाचट पेटवलं तर हाच पट्टा तुमचा खोडवा वाचवेल.

प्रश्न: दर पंधरा दिवसांनी जीवामृत देतो. आता खतं पूर्ण बंद केली तर चालेल का? (ता. अक्कलकोट)

आधी पाटी-पेन्सिल घ्या. दोनशे लिटर जीवामृतात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो बेसन, दोन किलो गूळ आणि मूठभर माती असते. शेणातून फार तर चाळीस-पन्नास ग्रॅम नत्र, बेसनातून साठ-पासष्ट, गोमूत्रातून शंभरच्या आसपास. एकरी एका वेळेस सगळं मिळून दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम. दहा क्विंटल ज्वारीचे दाणेच पंधरा-सोळा किलो नत्र रानाबाहेर नेतात, कडब्याचं वेगळं. चार वेळा जीवामृत दिलं तरी एक किलो नत्र होत नाही.

म्हणजे जीवामृत निरुपयोगी आहे असं नाही. ते विरजण आहे, दूध नव्हे. रानात शेणखत, पाचट, गळलेला पाला असेल तर कुजवणाऱ्या जिवांना त्याने चालना मिळू शकते. रान उघडं-बोडकं असेल तर त्या जिवांनी खायचं काय? द्यायचंच तर ओल्या मातीत, संध्याकाळी द्या. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळा, दुसऱ्या दिवसापासून आठवड्याच्या आत वापरा. सडका वास आला तर ढवळणं कमी पडलं. खतं एकदम शून्यावर आणू नका. माती तपासा, दरवर्षी एकचतुर्थांश कमी करा आणि तेवढी तूट शेणखताने किंवा कडधान्याच्या फेरपालटीने भरून काढा.

प्रश्न: डाळिंबाच्या छाटणीच्या फांद्या कुट्टी करून बागेतच आच्छादन करावं का? (ता. सांगोला)

नाही. तेल्या रोगाचे जिवाणू रोगट फांद्या आणि गळलेल्या पानांत टिकून राहतात. पावसाचे थेंब ते पुन्हा झाडावर उडवतात. मर रोग आणि खोडाला छिद्र पाडणारा भुंगेरा असलेल्या बागेत धोका आणखी मोठा. छाटणी आणि गळालेली फळं बागेबाहेर नेऊन नष्ट करा. ‘काही जाळू नका’ या आमच्या सल्ल्याला हा अपवाद धरावाच लागतो. आच्छादनाला ऊस पाचट किंवा भुसा बाहेरून आणा, खोडापासून वीतभर लांब ठेवा, म्हणजे खोडाशी ओल साचणार नाही. दोन ओळींत उगवणारं गवत तणनाशकाने जाळण्यापेक्षा ब्रश कटरने चार बोटं ठेवून कापा.

प्रश्न: आमच्या बचत गटातल्या बायकांनी मिळून पाच एकरांत ताग पेरला. गावातल्या शेरडांनी आणि मोकाट जनावरांनी फस्त केला. एकेकीने करून हे होणार कसं? (ता. मोहोळ)

एकेकीने होणारच नाही. कुंपण नसलेल्या गावात हिरवळीचं खत हा गावाच्या मर्जीचा विषय आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी केली ती ग्रामसभेच्या निर्णयाने. पण सरसकट बंदी घातली की पहिली झळ भूमिहीन शेरडंवाल्याला बसते. म्हणून बंदीबरोबर चाऱ्याची सोय ठरवा: गायरानाचा एक तुकडा दोन वर्षं राखून तिथलं गवत कापून न्यायची मुभा. बंदीही मोजक्या दिवसांची ठेवा. ताग जूनअखेर पेरला की पंचेचाळीस-पन्नास दिवसांत, फुलं दिसू लागताच गाडायचा. राखण तेवढ्याच दिवसांची. एकरी वीस-पंचवीस किलो बियाणं लागतं. उशीर केला तर खोड काष्ठमय होतं आणि रब्बीच्या पेरणीपर्यंत कुजत नाही. गाडल्यावर महिनाभर पाऊस किंवा पाणी मिळणार नसेल तर ताग न केलेलाच बरा.

मेंढरांना शत्रू समजू नका. पीक निघाल्यावर धनगर बांधवांची मेंढरं रानात बसवणं हा या भागातला जुना व्यवहार आहे. दोनशे मेंढरं एका रात्रीत साधारण एक क्विंटल लेंडी टाकतात, मूत्र वेगळं. वाडगं रोज रात्री पुढे सरकवा, एका जागी तीन-चार रात्री नको. सकाळी मेंढरं उठली की त्याच दिवशी हलका कुळव फिरवा, नाहीतर मूत्रातलं नत्र उन्हाने उडतं. मेंढरं आधी वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आली असतील तर लेंडीतून बी रानात उगवतं. धन्याला आधी विचारा. पाण्याची सोय आणि मोबदला, धान्यात की रोखीत, बोली पक्की करा.

गटासाठी आणखी एक. आच्छादनाने खुरपणी कमी होते, म्हणजे मजुरीला जाणाऱ्या बायकांचे दिवसही कमी होतात. ही गोष्ट पुनरुज्जीवी शेतीचे प्रचारक सहसा बोलत नाहीत. कुट्टी यंत्र गटाने घेऊन भाड्याने चालवलं, गांडूळ खत करून डाळिंबवाल्यांना विकलं, तर ते दिवस गटाकडे परत येतात. नाडेप (कंपोस्ट खताचे जाळीदार विटांचे हौद) आणि गांडूळ खताचे हौद रोजगार हमीतून होतात. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात नाव घालून घ्या.

प्रश्न: प्रयोगशाळेत न जाता जमीन सुधारतेय हे कसं ओळखायचं? (ता. पंढरपूर)

दोन परीक्षा घरच्या घरी करा. पहिली पाण्याची: दोन्ही बाजूंनी उघडा, पंधरा सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा तीन बोटं जमिनीत ठोका आणि आत साडेचारशे मिलिलिटर पाणी ओता. हा एक इंच पाऊस झाला. मुरायला किती मिनिटं लागली ते लिहा. काळ्या कोरड्या रानात पहिलं पाणी भेगांतून सर्रकन जातं आणि फसवतं. म्हणून लगेच दुसऱ्यांदा तेवढंच ओता आणि तीच वेळ धरा. दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात मोजा.

दुसरी ढेकळाची. वाळलेलं सुपारीएवढं ढेकूळ स्वच्छ पेल्यात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. तासभर आकार धरून राहिलं तर मातीत सेंद्रिय चिकटपणा आहे. लगेच ढासळलं पण पाणी नितळ राहिलं तर सेंद्रिय द्रव्य कमी. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ दुधासारखं राहिलं तर सोडियम वाढलाय, जमीन चोपण होतेय. बोअरचं पाणी वापरू नका; त्यातल्या क्षारांमुळे गाळ बसतो आणि चोपण जमीनही चांगली दिसते. चोपण निघाली तर आधी निचऱ्याचा चर, मग माती तपासून जिप्सम, मग एकरी सोळा ते वीस किलो बियाणं पेरून ढैंचा हे हिरवळीचं पीक. चराआधी टाकलेलं जिप्सम वाया जातं, कारण सुटलेला सोडियम वाहून जायला वाटच नसते.

प्रश्न: एक कंपनी गावात येऊन कार्बन क्रेडिटचे करार करतेय. सही करावी का? (ता. करमाळा)

हिशेब समजून घ्या, मग ठरवा. एका एकराच्या वरच्या पंधरा सेंटिमीटरात सुमारे आठ लाख किलो माती असते. सेंद्रिय कर्ब 0.40 वरून 0.50 टक्के न्यायचा तर आठशे किलो कर्ब टिकून राहायला हवा. चार टन पाचटात कर्ब दीड टन. त्यातला दहा-पंधरा टक्केच मातीत टिकतो, बाकी जिवाणूंच्या श्वासातून हवेत जातो. म्हणजे दरवर्षी सगळं पाचट ठेवलं तरी 0.1 टक्का वाढायला चार-पाच वर्षं. कोरडवाहू रानात, जिथे एवढा काडीकचराच नाही, त्याहून जास्त. आठशे किलो कर्ब म्हणजे सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइड. एक क्रेडिट म्हणजे एक टन, तेव्हा क्रेडिट तीनच, तीही पाच वर्षांत.

करारात हे शोधा: मुदत किती वर्षं, मध्ये नांगरट केली किंवा जमीन विकली तर दंड आहे का, सुरुवातीची माती तपासणी कोण करणार आणि तिचा अहवाल तुम्हाला मिळणार का, विक्रीच्या किमतीतला वाटा ठरलाय की ‘खर्च वजा जाता’ असा शब्द आहे. करार मराठीत मागा. आणि सही करण्याआधी स्वतःचा मातीचा नमुना काढून ठेवा: बांध, उकिरडा आणि झाडाची सावली टाळून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा, कडेची दोन बोटं जाडीची माती, सगळी एकत्र कालवून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा, गट नंबर आणि तारीख लिहून प्रयोगशाळेत द्या.